हेंडलीची बाजू दाखवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

लॉस एंजेलिसला आले तेव्हा बेसबॉलमध्ये माझं मन अजिबात लागत नव्हतं. मैदानावर काही घडतच नाही, असं वाटायचं. आज डॉजर स्टेडियममध्ये शेवटचा बॅटर बाद होईपर्यंत मी पेन्सिल घेऊन बसते, ती तुमच्यामुळे. समोर आभार मानले की तुम्ही "अगं, त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

शिकवायला तुम्ही ९ सप्टेंबर १९६५ च्या रात्रीचा सामना घेतलात. डॉजर्स आणि शिकागो कब्ज. डॉजर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सँडी कोफॅक्स याचा परफेक्ट गेम, म्हणजे २७ बॅटर आले, २७ बाद झाले आणि एकही पहिल्या बेसवर पोचला नाही. १४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद), त्यांतले शेवटचे सहा ओळीने. एवढं मला या शहरात कुणीही सांगितलं असतं. तुम्ही कोरं स्कोअरकार्ड, प्रत्येक बॅटरचं काय झालं ते चौकोनांत नोंदवायचा कागद, पुढे सरकवलंत आणि म्हणालात, "आधी डॉजर्सची बॅटिंग भर. समोर कब्जचा पिचर बॉब हेंडली होता, त्याला बघ."

मग माझ्या हाताने चौकोन भरत गेले. चार इनिंग डॉजर्सचंही कुणी बेसवर नाही! पाचव्या इनिंगमध्ये लू जॉन्सनला वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकटचा पहिला बेस) मिळाला, रॉन फेअरलीच्या बंटवर (बॅटने हलकेच ढकललेल्या चेंडूवर) तो दुसऱ्या बेसवर गेला आणि मग तिसऱ्या बेसची त्याने चोरी केली, म्हणजे कुणी चेंडू मारलेला नसताना तो धावत गाठला. कब्जचा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा, ख्रिस क्रग याचा थ्रो हुकला नि जॉन्सन घरी आला. ओव्हरथ्रोवर मिळावी तशी धाव. कॅचरचा क्रमांक २, म्हणून तुम्ही मला 'ई २' (ई म्हणजे एरर, चूक) लिहायला लावलंत. धाव एक, हिट (चेंडू मारून गाठलेला बेस) शून्य. सातव्या इनिंगमध्ये त्याच जॉन्सनचा उंच उडालेला चेंडू पहिल्या बेसच्या मागे मोकळ्या जागेत पडला, तो डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंतचा हिट. अख्ख्या सामन्यात दोन्ही संघांचा मिळून तेवढा एक हिट आणि बेसवर पोचलेला माणूसही तेवढाच एक. एक हिट देऊन हेंडली १-० ने हरला. कोफॅक्सच्या बाजूने सुरुवात केली असती, तर हेंडली मला दिसलाच नसता.

दुसरी बाजू भरताना तुम्ही विन स्कलींचं नवव्या इनिंगचं रेडिओ समालोचन लावलंत. बाळ पंडितांचं क्रिकेट कानांत घेऊन वाढलेले तुम्ही, डोळे मिटून ऐकत होतात. स्कली मध्येच घड्याळातली वेळ सांगतात. शेवटचा बॅटर बाद झाल्यावर स्वतः गप्प राहून गर्दीचा आवाज ऐकू देतात, आणि मग सांगतात: ९ वाजून ४६ मिनिटं. तो शेवटचा बॅटर हार्वी कीन, हेंडलीच्याच जागी पिंच हिटर, म्हणजे बदली बॅटर, म्हणून आलेला. म्हणजे शेवटचा 'के', स्ट्राइकआउटची खूण, हेंडलीच्याच ओळीत लिहायचा. माझा हात तिथे थबकला होता. तुम्ही काही बोलला नाहीत, याचेही आभार. तिथे कुणी समजावून सांगितलं असतं तर मला ते सहन झालं नसतं.

१९६६ च्या मोसमानंतर कोपराच्या संधिवातामुळे कोफॅक्स तिशीतच निवृत्त झाला, हे तुम्ही चहा घेताना सांगितलंत. आणि लगेच दुसरं कार्ड काढलंत, १४ सप्टेंबरचं, शिकागोच्या रिग्ली फील्डवरचं. पुन्हा हेच दोघे पिचर. यावेळी हेंडली २-१ ने जिंकला.

काका, देशातून नव्याने आलेल्या मुली आता मला बेसबॉल विचारतात. मी त्यांना तुमच्याच क्रमाने शिकवते.

तुमची कृतज्ञ,
शेजारच्या इमारतीतली विद्यार्थिनी