ओढा खोल झाला, पाणी कुणाला मिळाले?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की पुण्यातल्या कंपन्या आणि सेवाभावी संस्था पुरंदरच्या दुष्काळी गावांत जलसंधारणाची कामे काढतात. मी हडपसरला राहते, पण आमची सव्वा एकर जमीन, विहीर आणि सासू-सासरे गावाकडेच आहेत. म्हणून हे लिहिते आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्या गावच्या ओढ्यावर एका कंपनीच्या पैशातून पोकलेन चालला. पंधरवड्यात काम उरकले. त्या वर्षी विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकले. वाटाणा निघाला, मागून कांदाही झाला. संस्थेची मुले भर उन्हात राबली, त्याची गावाला जाण आहे. पण पाणी वाढलेले दिसताच ओढ्याकाठच्या मोठ्या शेतकऱ्यांनी बोअर मारले. दोघांनी प्लास्टिकचा कागद अंथरून भलीमोठी शेततळी केली. शेततळे पावसाने भरते असे शहरात वाटते. ही तळी दिवाळीनंतर मोटारी लावून बोअरच्या पाण्याने भरतात. जमिनीखालचे सगळ्यांचे पाणी वर येते, काही उन्हाने उडून जाते, उरते ते तळ्याच्या मालकाचे. आता तिथे ऊस उभा आहे आणि वरच्या अंगाला असलेली आमची विहीर जानेवारीतच तळ दाखवते.

गायरानाचे तर कुणी नावही काढत नाही. तिथे झाडे लावली आणि चराईबंदी झाली. माझ्या चुलत जावेला जमीन नाही, होत्या त्या पाच शेळ्या. आजारपण आले, मुलाची फी भरायची असली की एक शेळी बाजारात जायची. बंदीचा ठराव झाला त्या दुपारी ती दुसऱ्याच्या रानात खुरपत होती. चारा विकत घेणे परवडेना, तिने तीन शेळ्या विकल्या. पूर्वी नालाबांधावर रोजगार हमीची मजुरी मिळायची, तीही यंत्राने गेली.

याच तालुक्यात नायगावला, १९७२च्या दुष्काळानंतर, पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली होती. तिथे पाणी जमिनीच्या हिशेबाने दिले जात नव्हते, घरातली माणसे मोजून दिले जात होते. माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला मनाई होती. खर्चाचा २० टक्के वाटा लाभधारकांनी उचलायचा. हिवरे बाजारलाही दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिके ठरवतात. म्हणजे वाटपाचे नियम आपल्याच मातीत तयार झालेले आहेत, ते कुठून आणायला नकोत.

२०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. पैसा आहे. पण आमच्या गावच्या कामाच्या फलकावर किती गाळ काढला आणि किती झाडे लावली एवढेच लिहिले आहे. पाणी किती घरांना पुरले, हे त्यावर नाही.

माझी या संस्थांना कळकळीची विनंती आहे. यंत्र गावात येण्याआधी नवे बोअर, उसाचे क्षेत्र आणि भूमिहीनांचा वाटा यांचा ठराव ग्रामसभेत करून घ्या. सभा संध्याकाळी ठेवा, बायका कामावरून परतल्यावर. गायरान एकदम बंद न करता तुकड्या-तुकड्याने बंद करा. जिथे टिकाव-फावड्याने भागते तिथे मजूर लावा. आणि उद्घाटनानंतर निदान पाच वर्षे दर एप्रिलमध्ये येऊन विहिरींची पातळी मोजा, ओढ्याकाठच्याच नव्हे, वरच्या अंगाच्याही.

आपली,
एक शेतकरी वाचक, हडपसर, पुणे