लोखंडाला भिऊ नकोस

शहापूर, बेळगाव

प्रिय सुरेखा,

पत्र मिळालं. जिमची फी भरलीस आणि आता दंड बाप्यांसारखे होतील म्हणून नुसती ट्रेडमिलवर चालून घरी येतीस? चालायला निपाणीत रस्ते नाहीत काय गं!

तुझी भीती कुठनं आली ते कळतंय. आमच्या बेळगावात शरीरसौष्ठवाचं वेड भारी. स्पर्धा आली की चौकाचौकात तेल लावलेल्या दंडांचे फलक लागतात. पण ती पोरं त्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळतात, अंडी मोजून खातात, काहीजण तर नको ते टोचूनही घेतात. चुकून तसं कुणी होत नाही. त्यात स्नायू फुगवणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बाईच्या अंगात पुरुषापेक्षा कित्येक पटींनी कमी.

वेटलिफ्टर मीराबाई चानू आठव. टोकियो ऑलिंपिकात 49 किलो वजनगटात तिनं क्लीन अँड जर्कला (वजन आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) 115 किलो उचलले, स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलात सांगलीच्या संकेत सरगरनं 55 किलो गटात रौप्य घेतलं, आपल्या कर्नाटकच्या गुरुराज पुजारीनं 61 किलोत कांस्य. (एकाच दिवशी दोघांची पदकं, सीमाप्रश्न तिथं कुणी काढला नाही.) ह्या लोकांना आपल्या वजनगटात राहायचं असतं, अंग वाढवून चालत नाही, तरी ताकद वाढतेच.

कशी? आधी मज्जासंस्था शिकते. स्नायूत तंतू तेवढेच, पण त्यातले जास्तीत जास्त एकाच वेळी कामाला लागतात. मंडळाची मूर्ती ट्रकवर चढवताना माणसं तीच असतात, ‘मोरया’ म्हणून सगळ्यांनी एकदम हात घातला की उचलते, तसं. सुरुवातीचे काही आठवडे वजनं भराभर वाढतात ती बरीचशी यामुळंच.

म्हणून तू दहा-बारा वेळा, हात भरून येईपर्यंत मारत बसू नकोस. आधी हलक्या वजनावर पद्धत बसव. मग जड वजन, तीन ते पाच वेळा, असे तीन-चार सेट. मध्ये तीन मिनिटं खुशाल बसायचं. लोक बघतात, बघू देत. अजून एक-दोनदा उचललं असतं असं वाटतानाच थांब. आठवड्यातनं दोन-तीन दिवस पुरे. स्क्वॉट (वजनाची दांडी खांद्यावर घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (दांडी जमिनीवरून उचलून उभं राहणं), खांद्यावरून वर ढकलणं, वाकून ओढणं, एवढंच कर. डेडलिफ्टला दांडी नडगीला घासूनच वर आली पाहिजे. लांब गेली की सगळा भार कमरेवर. तुझं बीपी मध्ये वाढलं होतं, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय जड उचलू नकोस, दम कोंडला की ते आणखी चढतं.

खाण्याचं म्हणशील तर, ‘आता व्यायाम करतीस’ म्हणून सासूबाई एक भाकरी जास्त वाढतील, ती घेऊ नकोस. अंग भरतं ते खर्चापेक्षा जास्त खाल्लं की. डाळ, दही, अंडी वाढव. शेंगदाण्याच्या चटणीत प्रोटीन असतं, पण तेल त्याच्या जवळजवळ दुप्पट, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं!

पुढच्या रविवारी ये. आमच्या जिममध्ये बायकांची वेळ सकाळची आहे, डेडलिफ्ट मी स्वतः दाखवते. धावायचे मऊ बूट नकोत, खाली दबतात. सपाट तळाचे आण, नसतील तर अनवाणी चालेल.

तुझी,
मंगल