मदतीपर्यंतची वाट सोपी करा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी अन्न, निवारा, उपचार, शिक्षण अशा योजना असतात. परंतु त्या निरनिराळ्या खात्यांत विखुरलेल्या असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी उत्पन्नाची व्याख्या वेगळी, कागदपत्रे मात्र तीच आणि खेटे नव्याने, अशी स्थिती होते. रोजंदारीवरच्या माणसाला अशा प्रत्येक खेपेसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याने पंचविसाव्या कलमात पुरेसे राहणीमान हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. तेव्हा ही मदत म्हणजे उपकार नव्हे, हे अर्जदाराला खिडकीवरच जाणवले पाहिजे.

एका योजनेसाठी पात्र ठरलेल्यांनी तेथेच इतर योजनांचीही चौकशी करावी, कारण काही ठिकाणी एक मंजुरी दुसरीसाठी पुरावा म्हणून चालते. अर्ज नामंजूर झाल्यास कारण लेखी मागावे आणि अपिलाची मुदत विचारून घ्यावी. अपात्रतेमुळे नव्हे, तर राहून गेलेल्या एखाद्या कागदामुळेही नकार मिळू शकतो. केवळ नूतनीकरणाची तारीख चुकल्याने पात्र कुटुंबाचे नाव वगळले जाणे मला सर्वांत क्लेशकारक वाटते. शासनाने सर्व योजनांसाठी एकच अर्ज ठेवावा आणि एकदा दिलेली कागदपत्रे पुन्हा मागू नयेत.

– एक वाचक