लेखाशास्त्रात पीएचडी, हिशेब मात्र कुलपात

मा. संपादक,

‘आमच्या संस्थेला ऑडिट वर्ग अ आहे, अजून काय बघायचंय?’ ‘वर्ग अ’ म्हणजे लेखापरीक्षणातली सर्वांत वरची श्रेणी. चार वर्षांत पतसंस्थांच्या इतक्या सचिवांनी मला हे ऐकवले आहे, की आता त्यांच्याआधी मीच ते वाक्य म्हणून टाकते. मी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवते आणि नोकरी सांभाळून लेखाशास्त्रात पीएचडी करते. विषय : ग्रामीण पतसंस्थांनी थकीत कर्जांपोटी केलेल्या तरतुदी, म्हणजे कर्ज बुडालेच तर म्हणून नफ्यातून बाजूला काढून ठेवलेली रक्कम.

मार्गदर्शक सर म्हणाले होते, ‘मॅडम, शेअर बाजारातल्या कंपन्या घ्या, अहवाल घरबसल्या मिळतात.’ ऐकायला हवे होते! महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला ताळेबंद पाहता येतो, म्हणून पदरचे पैसे भरून तालुक्यातल्या चार संस्थांची सभासद झाले. पण हे कलम दाखवते तो फक्त शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद. मला हवे आहेत दहा वर्षांचे. लेखापरीक्षण अहवाल सहकार खात्याच्या निबंधकांकडे जातातच, म्हणून तिथे माहिती अधिकारात अर्ज केला. ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ असा शेरा मारून तो परत आला.

शेवटी शेजारच्या गावातल्या निवृत्त गुरुजींच्या ट्रंकेत एका संस्थेचे सात वर्षांचे छापील अहवाल सापडले. सभेला जाऊन आणलेले, समासात पेन्सिलीने बेरजा तपासलेले. त्यांत सलग तीन वर्षे थकबाकी वाढत गेली आहे, तरतूद एका रुपयानेही हललेली नाही, आणि लाभांश मात्र नेमाने वाटला आहे. चार वर्षांतला माझा खरा शोध एवढाच, तोही ट्रंकेतून.

मग आमचे संशोधक काय करतात? शंभर ठेवीदारांना ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ अशा पाच चौकटी देतात, ‘काय-वर्ग’ (chi-square) ही संख्याशास्त्रातली चाचणी लावतात आणि प्रबंध बांधायला टाकतात. त्यांना नावे ठेवत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत मुदत सहा वर्षांची; वाढ मागता येते, पण कुलूप उघडायची वाट किती पाहायची?

कर्जदारांची नावे झाकून लेखापरीक्षण अहवाल आणि त्यांत दाखवलेल्या चुका संस्थेने कशा सुधारल्या ते सांगणारे दोष दुरुस्ती अहवाल सहकार खात्याने संकेतस्थळावर ठेवावेत. ठेवीदारांनाही ते वाचता येतील.

तोवर एक विनंती. गुरुजींच्या ट्रंकेत २०१६-१७ चा अहवाल नाही. जिल्ह्यातल्या कुठल्याही पतसंस्थेचा त्या वर्षीचा अहवाल कुणाच्या माळ्यावर असेल, तर कृपया रद्दीत घालू नका.

— एक वाणिज्य शिक्षिका, जि. सांगली