वेद पळवले नव्हते, लिहून घेतले होते

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीतला परदेशी गेलेल्या हस्तलिखितांवरचा लेख मी मोठ्या आवडीने वाचायला घेतला आणि तिसऱ्या परिच्छेदापाशी अडले. 'कर्नल पोलिएर या इंग्रज अधिकाऱ्याने जयपूरहून वेद पळवून लंडनला नेले,' असं तिथे लिहिलं आहे. पोलिएर इंग्रज नव्हता आणि ते वेद त्याने पळवलेले नव्हते. चूक एका ओळीची आहे, पण त्या ओळीखाली इतकी माणसं गाडली गेली आहेत की पत्र लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मी इतिहासाची प्राध्यापक नाही. पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात पोथ्यांच्या दुरुस्ती-बांधणीच्या विभागात ३१ वर्षं नोकरी केली. मोरचूद घालून खळ शिजवायची, फाटक्या पानाला पातळ कागदाचं अस्तर द्यायचं, वेखंडाची पुरचुंडी ठेवून पोथी लाल बासनात बांधायची, हे माझं काम. पोलिएर मला भेटला तो या कामातूनच. एकदा एक संशोधक बाई आमच्या विभागात आल्या होत्या. पोथ्यांना चामड्याची बांधणी का करत नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चामडं तर सोडाच, आम्ही सरससुद्धा लावत नाही, तोही हाडाकातड्याचाच. पोथीला खळ आणि कापड. त्यावर त्या म्हणाल्या, "दोनशे वर्षांपूर्वी आनंदराम नावाच्या गृहस्थांनी ब्रिटिश म्युझियमला नेमकं हेच कळवलं होतं, आणि त्यांचा निरोप पोचवणारा माणूस होता स्वित्झर्लंडचा."

त्या दिवसापासून या माणसाबद्दल मिळेल ते वाचत आले आहे.

आंत्वान पोलिएर १७४१ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानला जन्मला. घराणं फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट सरदारांचं, पण लोझान आणि सभोवारचा वो प्रांत त्या वेळी बर्नच्या ताब्यात होता. राज्यकारभारातल्या मोठ्या जागा बर्नच्या घराण्यांकडे. वोमधल्या खानदानी मुलांना परक्या राजांच्या फौजा हाच मार्ग उरलेला असे. पोलिएरचे एक काका ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे होते. त्यांच्या मागोमाग हाही १७५८ साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास, कॅडेट म्हणून हिंदुस्थानात उतरला. पुढे बंगालमध्ये इंजिनिअर झाला, कलकत्त्याच्या नव्या किल्ल्याच्या बांधकामावर काम केलं, मेजर झाला. आणि तिथेच थांबला, कारण परदेशी जन्माच्या अधिकाऱ्याला मेजरच्या वर चढवायचं नाही, असा कंपनीचा नियम झाला होता. ज्याला आपण आज इंग्रज म्हणून मोकळे होतो, त्याची बढती इंग्रज नसल्यामुळेच अडली होती.

१७७३ मध्ये कंपनीचा बंगालमधला गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज याने त्याला फैजाबादला अवधचा नवाब शुजाउद्दौल्याकडे पाठवलं. कागदावर इंजिनिअर, पण खरं काम कलकत्ता आणि नवाब यांच्यामधल्या दुव्याचं. दरबाराची बित्तंबातमी ठेवायची, नवाबाचं मन ओळखायचं, कंपनीचं म्हणणं त्याच्या भाषेत त्याच्या गळी उतरवायचं. त्यासाठी फारसी लागायची आणि पोलिएरला ती चांगली येत होती. पुढे कलकत्त्याच्या कौन्सिलात हेस्टिंग्जचे विरोधक बलवान झाले, त्यांनी हेस्टिंग्जच्या माणसाला माघारी बोलावलं, आणि पोलिएरने १७७५ मध्ये कंपनीची नोकरीच सोडली. मग तो दिल्लीला बादशहा शाहआलमच्या चाकरीत गेला. बादशहाने त्याला अर्सलान-ए-जंग हा किताब दिला, अलीगढजवळ खैरची जहागीर दिली. जहागिरीने त्याला मनःस्वास्थ्य दिलं नाही. काही वर्षांनी तो लखनौला परतला आणि १७८२ मध्ये हेस्टिंग्जने त्याला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा देऊन तिथेच राहू दिलं.

या सगळ्या धावपळीत त्याने लिहिलेली फारसी पत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. १७७३ ते १७७९ या काळातली. त्यांचा इंग्रजी अनुवाद २००१ साली निघाला. मुलीने मला तो आणून दिला आणि मी शब्दकोश शेजारी ठेवून दोन पावसाळे तो वाचत होते. नवाबांना, मुनशींना, व्यापाऱ्यांना, घर सांभाळणाऱ्या कारभाऱ्याला, मेहरचंद नावाच्या चित्रकाराला लिहिलेली पत्रं आहेत. चित्र कुठवर आलं, सामान पोचलं का, पैसे कोणाकडून यायचे आहेत. लखनौ-फैजाबादकडे त्याची दोन कुटुंबं होती. त्या दोघींनी एकमेकींना धरून राहावं, एकीच्या अडचणीला दुसरीने धावावं, म्हणून दूरवरून केलेली विनवणी आहे. मेहरचंदाकडून करून घेतलेल्या चित्रांचे संग्रह आज बर्लिनमध्ये आहेत. हस्तलिखितं तर लंडन, केंब्रिज, पॅरिस, लोझान अशी विखुरली आहेत.

काही वर्षांपूर्वी कोलकात्याला गेले तेव्हा व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये योहान झोफनीने काढलेलं त्याचं चित्र पाहिलं. लखनौचं घर, भरदार मिशांचा पोलिएर लष्करी पोशाखात, समोर बागेतली फळं-भाजी आणलेली, बाजूला त्याचे मित्र क्लॉड मार्टिन आणि जॉन वॉमवेल, आणि मागे खुद्द झोफनी चित्र काढत बसलेला. मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभी होते. मी शोधत होते ते दोघे त्या चौकटीत नव्हते: आनंदराम, आणि पोलिएरला महाभारत-रामायण सांगणारा रामचंद.

आता वेदांविषयी, कारण माझं खरं म्हणणं तेच आहे.

चारही वेदांची पूर्ण प्रत मिळवायची हे पोलिएरच्या मनाने घेतलं होतं. युरोपात तेव्हा वेद खरोखर शिल्लक आहेत की नाहीत, अशी शंका घेणारेही होते. त्याने बंगालमध्ये विचारलं, काशीला विचारलं, दिल्ली, आग्रा, लखनौ पालथं घातलं. कुठे हाती लागेना. मग कळलं की जयपूरला सवाई जयसिंहाने मोठा संग्रह करून ठेवला आहे. (जयसिंहाला वेद शिकवणारे सम्राट जगन्नाथ हे मूळचे महाराष्ट्रातले विद्वान मानले जातात. त्यांनी टॉलेमीचा खगोलशास्त्राचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला. आपल्या लेखात जयपूर आलंच होतं, तर त्यांचं नाव यायला हवं होतं.) जयपूर दरबारी पोलिएरचे एक मित्र होते, डॉन पेद्रो दा सिल्वा, पोर्तुगीज वैद्य. जयसिंहाने वेधशाळेच्या कामासाठी लिस्बनपर्यंत माणसं पाठवली होती, गोव्याशी त्याचा संबंध होता, त्यातून दा सिल्वा घराणं तिथे स्थिरावलं. पोलिएरने या डॉन पेद्रोंमार्फत महाराजा प्रतापसिंहाकडे अर्ज केला.

हा प्रतापसिंह मराठी वाचकांना परका नाही. १७८७ च्या जुलैत लालसोटजवळ तुंग्याला महादजी शिंदे ज्याच्याशी लढले आणि जिथून त्यांना माघार घ्यावी लागली, तो हाच. व्रजभाषेत कविता करणारा, पुढे हवामहल बांधणारा. त्याने डॉन पेद्रोंना विचारलं, युरोपियनांना आमच्या धर्मग्रंथांचा काय उपयोग? डॉन पेद्रोंनी सांगितलं, आमच्याकडे सार्वजनिक ग्रंथालयं असतात, मोलाचे ग्रंथ तिथे जपून ठेवतात, ज्याला हवं तो पाहतो. वेद दुसरीकडे कुठे मिळत नाहीत आणि आपल्या परवानगीशिवाय मिळणारही नाहीत. महाराजांनी परवानगी दिली. ब्राह्मण लेखकांना मेहनताना ठरला आणि सुमारे वर्षभरात प्रती तयार झाल्या.

आता आपणच सांगा, यात पळवणं कुठे आलं? ज्याच्याकडे ठेवा होता त्याला विचारलं, त्याने विचार करून हो म्हटलं, लिहिणाऱ्यांना त्यांची मजुरी दिली, आणि मूळ पोथ्या जागच्या जागी राहिल्या. त्या वर्षभरात बोरू झिजवणाऱ्या लेखकांची नावं कुठेच आलेली नाहीत, हे मला सर्वांत जास्त लागतं. पोथीच्या शेवटी लेखक हात जोडून लिहितो की तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बंधनापासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका. हे श्लोक मी शेकडो पोथ्यांवर वाचले आहेत. ही माणसं चोरीच्या मालावर काम करत होती, असं आपल्या लेखातून वाचकाला वाटेल.

प्रती पोलिएरकडे आल्या तेव्हा त्या लावून देण्याचं काम राजा आनंदराम यांनी केलं. खंडांचा क्रम लावला, आकडे घातले, फारसी लिपीत नावं लिहिली. आणि एक अट घातली: या ग्रंथांना कोणत्याही प्रकारचं चामडं लागता कामा नये, रेशीम किंवा मखमल वापरावं. पोलिएरने १७८९ च्या मे महिन्यात लंडनहून ब्रिटिश म्युझियमचे विश्वस्त सर जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून हे ११ खंड ब्रिटिश म्युझियमला देऊ केले, तेव्हा ही अट आठवणीने त्या पत्रात घातली. स्वतःचं मोठेपण सांगायला त्याच्याकडे त्या क्षणी पुष्कळ काही होतं. त्या पत्रात त्याने लखनौच्या एका हिंदू पंडिताचं मन जपलं. बांधणीच्या टेबलावर आयुष्य घालवलेल्या मला याहून अधिक पुरावा नको आहे.

रामचंदाबद्दलही चार ओळी लिहू द्या. हा सुलतानपूरचा शीख. महाभारत, रामायण, कृष्णचरित्र त्याला तोंडपाठ. बरोबर दोन ब्राह्मण ठेवायचा, अडलं तर त्यांना विचारायचा. तो सांगत गेला आणि पोलिएर लिहीत गेला. पोलिएरच्या मृत्यूनंतर त्याच्या चुलत बहिणीने, मारी-एलिझाबेथ द पोलिएर यांनी, ही टिपणं १८०९ मध्ये फ्रेंचमध्ये दोन खंडांत छापली, पोलिएर विचारतो आणि रामचंद उत्तर देतो अशा रूपात. म्हणजे युरोपातल्या वाचकांपुढे पांडवांची गोष्ट एका शिखाच्या तोंडून गेली. आपल्या लेखात एवढी जागा मॅक्स म्युल्लरला मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्याच्या ऋग्वेदाचा पहिला खंड निघाला १८४९ साली. रामचंद त्याच्या कितीतरी आधीचा.

पोलिएरला मी संत ठरवत नाही. कंपनीच्या राज्यात त्याने व्यापार केला, नवाबाच्या दरबारात पैसा केला, आणि १७८८ मध्ये युरोपला परतताना लखनौची आपली माणसं मागे ठेवून गेला. ज्या दोघींना एकत्र राहा म्हणून इतक्या कळवळ्याने लिहिलं, त्यांना सोडून गेला, हे मला त्याची पत्रं वाचल्यामुळेच अधिक बोचतं. तिकडे १७९१ मध्ये त्याने पुन्हा लग्न केलं, फ्रान्समध्ये आविन्योंजवळ राहायला गेला, मोठ्या थाटात राहिला, आणि १७९५ च्या फेब्रुवारीत दरोडेखोरांनी त्याला घरीच ठार केलं. त्याचे दोष लिहायचे तर हे लिहावं. जे त्याने केलं नाही ते त्याच्या माथी मारू नये.

आपल्याकडून पोथ्या परदेशी गेल्या, त्यातल्या कितीतरी खरोखर लुटून नेलेल्या आहेत, त्यावर आपण लिहायलाच हवं आणि परतही मागायला हव्यात. पण त्यासाठी कोणती लुटलेली, कोणती विकलेली, कोणती राजीखुशीने लिहून दिलेली, हे निवडून सांगावं लागेल. आमच्या विभागात एखादी पोथी आली की पहिलं काम तेच असायचं: कोणाकडून आली, कशी आली, नोंदवहीत लिहा. देणाऱ्याचं नाव नसलेली पोथी आम्ही कपाटात ठेवतच नव्हतो.

म्हणून येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. मजकूर मीच लिहून देते: 'लोझान येथे जन्मलेल्या आंत्वान पोलिएर यांनी जयपूरचे महाराजा प्रतापसिंह यांच्या परवानगीने, डॉन पेद्रो दा सिल्वा यांच्या मध्यस्थीने, वेदांच्या प्रती तेथील ब्राह्मण लेखकांकडून लिहवून घेतल्या, राजा आनंदराम यांनी त्या लावून दिल्या, १७८९ मध्ये त्या ब्रिटिश म्युझियमला भेट देण्यात आल्या.' जागा कमी पडली तर पोलिएरचं जन्मगाव गाळलं तरी चालेल. आनंदरामांचं नाव गाळू नका.

आपली नित्याची वाचक,
सदाशिव पेठ, पुणे