केळ कोणी खाल्लं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाने एक खुनाचं विनोदी नाटक पाहिलं आणि 'दोन बावळट गुप्तहेर रात्रभर पडतात, उठतात, पुन्हा पडतात आणि प्रेक्षक खिदळतात' एवढ्यात निकाल लावून टाकला. तेच नाटक मी आमच्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, पाहिलं. मलाही ते पटलं नाही. पण माझं कारण नेमकं उलटं आहे, म्हणून हे पत्र.

आधी माझा अधिकार सांगतो. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका धानाच्या गावात मी २२ वर्षं पोलीस पाटील होतो. साठी झाली, उतरलो. (मानधन साडेसहा हजारांवरून १५ हजार झालं ते २०२४ मध्ये, मी उतरल्यावर. तो विषय वेगळा.) गावात कुठे प्रेत सापडलं की ठाण्याला पहिली वर्दी पोलीस पाटलाने द्यायची. विहिरीतलं प्रेत, फवारणीचं औषध प्यालेला, वीज पडलेला, वाघाने ओढून नेलेला, अशा सगळ्यांच्या पंचनाम्याला मी उभा राहिलो. खून मात्र सगळ्या नोकरीत एकच. तेव्हा तपास करणाऱ्यांचा बावळटपणा या विषयावर दोन शब्द मला बोलता येतात.

लेखकाने 'स्लॅपस्टिक' हा शब्द शिवीसारखा वापरला आहे. माझी नात नागपूरला शिकते, तिने सांगितलं की ती 'स्टिक' खरोखरची असायची. जुन्या इटालियन नाटकमंडळ्यांत विदूषकाच्या हाती दोन पट्ट्या जोडलेली काठी असे. मारली की आवाज मोठा व्हायचा आणि लागायचं मात्र काहीच नाही. मी तिला म्हटलं, आमच्या ठाण्यातल्या काठीचं याच्या उलट आहे.

आता नाटक. दहाची वेळ जाहीर होती, पडदा साडेअकराला वर गेला. एका राईस मिलच्या मालकाचा खून होतो आणि नागपूरहून दोन गुप्तहेर येतात, एक जाडा, एक हडकुळा. पहिल्या अंकात ते गुन्ह्याच्या जागी बुटांचे ठसे मोजतात आणि तासभर मोजून 'खुनी दोघे होते, एक जाडा, एक हडकुळा' असा निष्कर्ष काढतात. हे जुनंच आहे, पण लोक हसले, मीही हसलो.

खरी मजा पंच शोधण्याच्या प्रवेशात होती. पंचनाम्याला दोन पंच पाहिजेत. स्टेजवर पंचवीस माणसं जमलेली असतात. जाडा गुप्तहेर कागद काढतो आणि 'सही कोण करतो?' म्हणतो, तशी पाच सेकंदांत स्टेज रिकामी. एकाची म्हैस सुटली, एकाला बायकोने हाक मारली, एकाला अचानक लिहिता येईनासं झालं. एक जण तर दिसेल त्या दाराने पळाला आणि प्रॉम्प्टरच्या अंगावर जाऊन पडला. शेवटी दोघे गुप्तहेर शाईचा पॅड आणून मेलेल्या मालकाचाच अंगठा पंच म्हणून उमटवून घेतात. तंबूत लोक अक्षरशः लोळत होते. माझ्या शेजारी बसलेल्या सरपंचांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

हे लोक का हसले, ते लेखकाला कळलेलं दिसत नाही. आमच्याकडे पंच होणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. रोवणीच्या दिवसांत तारीख लागते, मजुरी बुडवून कोर्टात जायचं, दिवसभर बाकावर बसायचं, संध्याकाळी कळतं की पुढची तारीख पडली. पंचांसाठी दारोदार फिरून मी स्वतः चपला झिजवल्या आहेत. एका घरी माणूस कणगीमागे लपला होता आणि त्याचं लहान पोर मला बोटाने दाखवत होतं. बघणाऱ्यांतला निम्मा गाव स्वतःलाच पाहून हसत होता. त्याला 'खिदळणं' म्हणायचं असेल तर म्हणा.

दुसरी गंमत ठरवून झाली नव्हती. जाडा गुप्तहेर 'तुला कलम तीनशे दोनखाली आत टाकीन!' म्हणून ओरडला. मागून एका पोराने आरोळी ठोकली, 'आता एकशे तीन झालं गा!' पोराचं बरोबर होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. नट क्षणभर गडबडला, मग स्वतःच्या कपाळाला हात लावून म्हणाला, 'एकशे तीन? मग आधी पॅरासिटामॉल घेतो.' आमच्या नटांची ही तयारी आहे. तालीम फारशी नाही, रोज वेगळं गाव, भरवसा सगळा प्रॉम्प्टरवर, आणि तरी अशी उत्तरं निघतात. त्याच रात्री प्रॉम्प्टरने जरा जास्तच मोठ्याने वाक्य पुरवलं आणि ते माइकमधून सगळ्या तंबूने ऐकलं. हडकुळा तिकडे वळून म्हणाला, 'हळू बोल ना बापा, मला हे अजून कळायचं आहे!' याहून मोठा हशा त्या रात्री दुसऱ्या कशालाच झाला नाही.

मग माझी तक्रार काय? तक्रार खुनाबद्दल आहे.

जाडा गुप्तहेर केळ्याच्या सालावरून चारदा घसरतो. मिलच्या दारात, अंगणात, जिन्यावर आणि चौथ्यांदा थेट प्रेतावर. दुसऱ्या वेळेला माझी नात माझ्या कानाशी लागली, 'आबाजी, पण केळ कोणी खाल्लं?' मी मनात म्हटलं, पोरगी बरोबर जागी बोट ठेवते आहे. मेलेल्या माणसाला मधुमेह होता हे पहिल्या अंकात सांगून झालं होतं, म्हणजे साल त्याचं नाही. मग कोणाचं? आम्ही आजोबा-नात पहाटेपर्यंत त्या केळ्याची वाट पाहत बसलो. थंडी मरणाची होती, शाल दोघांत एक. केळ्याचं काहीच झालं नाही. ते साल नुसतं पडण्यासाठी टाकलेलं होतं. आणि खुनी? त्याचं नाव मी लिहीत नाही, एवढंच सांगतो की पहाटे चारपर्यंत त्याने स्टेजवर पाऊलही ठेवलं नव्हतं. आला, कबुली दिली, पडदा पडला. ही फसवणूक आहे. गुप्तहेर बावळट असावेत, खून बावळट असू नये.

मी मॅट्रिकला असताना आमच्याच गावात असंच एक नाटक पाहिलं होतं, त्याचं नाव आता आठवत नाही. त्यातला शिपाई ओसरीवर पाय ठेवला की घसरायचा. रात्रभर तेच. कंदील घेऊन आला, घसरला. जबानी घ्यायला आला, घसरला. पाटलाला सलाम ठोकायला गेला, तो थेट त्याच्या पायांवर. आम्ही पोरं पोट धरून हसत होतो. एकच्या सुमाराला माझी आई, जी दिवसभर धान बांधून अर्धवट पेंगत होती, एकदम म्हणाली, 'रातीच्या कोनी सारवते का बापा?' आम्हाला काही कळलं नाही. बायकांच्या बाजूला मात्र कुजबूज सुरू झाली. ओसरी ओली होती, कारण ती नुकतीच शेणाने सारवलेली होती. दिवे लागल्यावर कुठली बाई सारवत नाही. ज्याने सारवली त्याने रक्त झाकलं होतं. नाटककाराने खुणेचा धागा आमच्या हसण्याखाली लपवला होता, आणि पुरुष हसत राहिले, बायकांनी पकडला. शेवटी उलगडा झाला तेव्हा आईने नुसतं 'हूं' केलं.

त्या शिपायाची आठवण मला पुढे नोकरीत यायची होती. त्या एका खुनाच्या वेळी बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर, प्रेत होतं, बाजूच्या चिखलात पायाचे ठसे स्पष्ट उमटलेले. वाघाचं पाऊल झाकून ठेवतात तसं मी एका ठशावर टोपली पालथी घातली आणि ठाण्याला फोन करायला गेलो. परत येतो तो टोपली गायब. ज्याची होती तो घेऊन गेला, त्याला मोहफुलं वेचायची होती. मग पोलीस आले, मोजमाप झालं, सायकलच्या चाकाची एक खूण फार काळजीने लिहून घेतली गेली. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर मला उमगलं की ती सायकल माझी आहे. मी तिथल्या तिथे सांगितलं, साहेबांनी माझ्याकडे जसं पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. पुढे खुनी कसा सापडला ते लिहीत नाही, दोन्ही घरची माणसं गावात राहतात. पण स्टेजवरचा गुप्तहेर स्वतःचे ठसे मोजतो तेव्हा मला तो खोटा वाटत नाही.

२०२३ मध्ये आमचे झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या मंडळींना झाडीपट्टी रंगभूमी आठवली, बरं वाटलं. आठवण ठेवायची तर नाटक पूर्ण पाहावं, एवढी माझी आपल्या लेखकाला विनंती. त्यांनी ते पाहिलेलं नाही, आणि हे मी पुराव्याने सांगतो. लेखात दोन लावण्यांचा उल्लेख आहे. नाटकात पाच होत्या, तिसरी दीड वाजता झाली. शेवटचा 'विनोदी प्रसंग' म्हणून ते अंगठ्याचा प्रवेश सांगतात, तो एक वाजता संपला. खुन्याबद्दल, ज्याच्यावर सगळ्यात जास्त टीका व्हायला हवी, लेखात अवाक्षर नाही. म्हणजे साहेब एक ते दीडच्या दरम्यान उठले. गाडी स्वतःची असणार, कारण त्या वेळेला आमच्याकडे एसटी नाही, आणि या जंगलात रात्री कोणी पायी निघत नाही. पाहुणे सकाळपर्यंत बसतात ते नाटकाच्या आवडीने आणि वाघाच्या भीतीनेही. पुढच्या वेळी त्यांनी आमच्या घरी मुक्काम करावा. सकाळी चहा-पोहे होतील, गादीच्या तिकिटाचंही मी बघतो.

आणि वडशाच्या नाटक कंपन्यांतले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्या लेखकांना एक निरोप द्या. धडपड कमी करू नका. फक्त साल टाकण्याआधी कोणाला तरी केळ खाताना दाखवा, ओझरतं का होईना.

आपला,
एक निवृत्त पोलीस पाटील
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

ता. क. : खुन्याचं नाव लिहिलं नाही, कारण येत्या शनिवारी हेच नाटक शेजारच्या गावी शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री आहे आणि तिथल्या मंडळाची तिकिटं अजून विकायची आहेत. नात पुन्हा जायचं म्हणते. तिला वाटतं, या वेळी केळ्याचं काही ना काही निघेल.