अर्धा मीटर आमचा होता, मंत्रिमहोदय

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी इंदूरच्या अरण्य वसाहतीत राहते. गेल्या मंगळवारी सकाळी साडेसातला आमच्या गल्लीत जेसीबी शिरला आणि पावणेनऊपर्यंत आमचा ओटला (दारापुढचा बसायचा ओटा) आणि दारातला कडुनिंब, दोन्ही गेले. पावसाळ्याआधी एका कार्यालयातले साहेब (नाव लिहीत नाही) स्वतः येऊन सांगून गेले होते की रस्ता होईल, पण झाडाला आणि ओटल्यांना हात लागणार नाही. हे ते त्याच ओटल्यावर बसून, माझ्या हातचा चहा पीत बोलले होते. मंगळवारी त्यांना सात वेळा फोन लावला. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी उचलला आणि म्हणाला, "बाई, ते अतिक्रमण होतं."

त्या एका शब्दामुळे हे पत्र लिहिते आहे.

ही वसाहत वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी आखली. १९२७ साली पुण्यात जन्मलेला माणूस, घरात फर्निचरचा व्यवसाय. पॅरिसला प्रसिद्ध वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम शिकले, मग अहमदाबादला स्थिरावले. गरिबाला नीट घर द्यायचं हे आपण जन्मभर विसरायचं नाही, अशी शपथ त्यांनी १९५४ मध्येच घेतली होती. अरण्य आखण्याआधी इंदूरच्या झोपडपट्ट्यांचा बारकाईने अभ्यास झाला. बायका कुठे बसतात, माणसं धंदा कुठे मांडतात, झाडाखाली काय काय चालतं, दारापुढे किती जागा लागते, हे सगळं पाहून मग नकाशा काढला. साहेब, आमच्या गल्लीत आलेल्या एकाही माणसाने त्या नकाशाची घडी कधी उलगडली होती का?

उलगडली असती तर दिसलं असतं की घर आणि रस्ता यांच्यामध्ये अर्ध्या मीटरची पट्टी मुद्दाम सोडलेली आहे. ओटला, जिना, बाल्कनी, ज्याला जे लागेल ते त्याने तिथे करावं म्हणून. माझ्या बापाने सरकारची जागा बळकावली नव्हती. त्याला दिलेली जागा त्याने वापरली.

बाबा मिलमध्ये होते. आम्हाला मिळाला तो ३५ चौरस मीटरचा प्लॉट, त्यावर जोतं, संडास-मोरी-नळ आणि एक खोली. आगाऊ रक्कम कुटुंबाच्या कमाईवरून ठरली होती, उरलेली महिन्याच्या हप्त्यांनी. मिल बंद पडली तेव्हा आम्ही पाच माणसं त्या एका खोलीत होतो. दुसरी खोली चार वर्षांनी झाली, जिना त्यानंतर, वरची खोली माझ्या भावाच्या लग्नाआधी. विटा आल्या की भिंत चढायची, पैसे संपले की थांबायची. पण कुणी आमच्या अर्ध्या भिंतीला नावं ठेवली नाहीत, कारण घर असंच वाढणार हे आखणाऱ्याने गृहीतच धरलं होतं. रोप लावतात तसं त्याने जोतं लावून दिलं. वसाहतीला अरण्य हे नाव उगाच दिलेलं नाही, असं मी माझ्या शाळेतल्या मुलांना दरवर्षी सांगायचे. जंगलात लहान झाड मोठ्याच्या सावलीत वाढतं. इथेही प्रत्येक सेक्टरच्या मध्यभागी सर्वांत गरीब आणि कडेला बरी कमाई असलेले, असे सगळे एकाच वसाहतीत राहतात. भिंतीला भिंत लागून घरं आणि अरुंद गल्ल्या, म्हणून मे महिन्यातही दुपारी चालताना डोक्यावर सावली असायची.

बाबांनी कडुनिंब लावला तो जोतं मिळाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात. ओटल्याला कोटा फरशी बसवली ती त्यांच्या शेवटच्या वर्षी. फरशीची एक कड त्यांनी स्वतः घासून गोल केली, आईच्या पायाला लागू नये म्हणून. आई ८१ वर्षांची आहे. ओटला होता तेव्हा ती दोन पायऱ्यांत घरातून खाली यायची. आता उंबऱ्याखाली सरळ दोन फुटांचा खड्डा आहे. बुधवारी दवाखान्यात न्यायला भाऊ आणि शेजारचा मुलगा, दोघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं. भर गल्लीत. आईने पदर तोंडावर घेतला होता. मी हे कसं विसरू, सांगा.

आमच्या गल्लीत १४ ओटले होते, चौदाच्या चौदा गेले. बाकीच्या गल्ल्यांचंही असंच झालं तर ६,५०० घरांच्या वसाहतीत किती बायकांचं बसणं, पापड वाळवणं, शिवणाचं मशीन लावणं बंद होईल, हिशेब तुम्हीच करा.

आणि ही मोडतोड कोणाच्या कामाची चाललीय? अरण्यला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये दोशींना प्रित्झ्कर हा वास्तुकलेतला सर्वांत मोठा मानला जाणारा पुरस्कार मिळाला, असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. २४ जानेवारी २०२३ ला ते गेले आणि दुसऱ्या दिवशी पद्मविभूषण जाहीर झालं. परदेशातून विद्यार्थी वही घेऊन आमच्या दारांची चित्रं काढायला येतात. आमच्याच शासनाला मात्र इथे अतिक्रमण दिसतं. अहमदाबादला मुलीकडे गेले होते तेव्हा दोशींची 'संगाथ' ही कचेरी पाहिली. अर्धी जमिनीत उतरलेली, वर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे बसवलेली कमानदार छतं, त्यांवरून पावसाचं पाणी पन्हाळीत उतरतं. तिथे मला आमच्या मोरीची आठवण झाली. दोन्हीकडे एकाच माणसाचा हात होता.

इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं. मीही ओला-सुका कचरा वेगळा केला, मलाही अभिमान आहे. पण तेव्हापासून जे जे सरळ नाही, ते ते तुमच्या लोकांना घाण वाटायला लागलं आहे. ओटला घाण, झाडाचा पार घाण, पारावर बसलेली म्हातारी माणसंही घाण. १९१८ मध्ये नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला अहवाल दिला होता, की जुने मोहल्ले पाडू नका, थोडं थोडं दुरुस्त करा, झाडं आणि विहिरी राखा. शंभर वर्षांहून जास्त झाली. एवढं साधं वाक्य या राज्याच्या एकाही टेबलावर अजून पोचू नये?

ओटला परत बांधून द्या. ती अर्धा मीटर पट्टी रहिवाशांची आहे, हे लेखी द्या. नवा कडुनिंब लावा आणि तीन वर्षं पाणी घाला. दोशींच्या नावाची पाटी लागेल असंही ते साहेब म्हणाले होते. ती सगळ्यांत शेवटी लावली तरी चालेल.

उत्तर चार ओळींचंच पाठवा, पण पाठवा. ते मला आईला वाचून दाखवायचं आहे. ती अजूनही रोज चार वाजता दाराशी येते, खाली बघते आणि आत जाते.

आपली,
अरण्यमधली एक रहिवासी, निवृत्त शिक्षिका
इंदूर